मध, पराग, पोळं : स्वयंपाकात नेमकं कुठे आणि कसं वापरायचं

मध पौष्टिक असतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, पण एकदा आकडे बघून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. १०० ग्रॅम मधात साधारण ३०० कॅलरी असतात, ८० टक्क्यांच्या आसपास साखरच असते (जास्तीची फ्रुक्टोज, मग ग्लुकोज), १७-२० टक्के पाणी, आणि प्रोटीन, खनिजं, व्हिटॅमिन वगैरे सगळं मिळून उरलेल्या चिमटीभर जागेत. म्हणजे रोज सकाळी कोमट पाण्यात चमचाभर मध घेऊन अंगाला लोह-कॅल्शियम मिळेल असं कोणी सांगत असेल तर ते सोडून द्या. मला मध मनापासून आवडतो, घरात बारा महिने असतो, म्हणूनच सांगते की त्याच्याकडून भलतं काम मागू नका. मधाचं खरं काम वेगळं आहे, जे पदार्थ खरंच पौष्टिक आहेत पण घरातली पोरं (आणि मोठी माणसंसुद्धा) नाक मुरडतात ते पोटात जायला तो मदत करतो. नाचणी, आवळा, आंबट दही, कच्च्या भाज्या, जवस, कारळं. या सगळ्यांना मध असा काही लागतो की साखरेनं तसं होत नाही, कारण मधाला गोडीबरोबर स्वतःचा वास असतो, थोडा आंबटपणा असतो, आणि कधी कधी कडसरपणाही असतो.

आणि पोळ्यात नुसता मध नसतो. पराग असतो, मेण असतं, रॉयल जेली असते, प्रोपोलिस असतं. यातलं काय ताटात यायला हवं आणि काय नको ते पुढे येतंच.

आधी मध कुठला ते बघा

आपल्याकडे मुख्यतः चार-पाच प्रकारच्या मधमाश्या आहेत. आग्या, जी उंच झाडांवर, कड्यांवर मोठमोठी पोळी लटकवते आणि माश्या पाळायच्या लाकडी पेटीत राहत नाही. सातेरी, जी झाडाच्या ढोलीत राहते आणि पेटीतही नांदते, महाबळेश्वर आणि एकूणच सह्याद्रीच्या पट्ट्यातला पेटीतला मध बराचसा हिचा. फुलोरी, छोटी, झुडपावर एकच पोळं बांधणारी. पोया, नांगी नसलेली, अगदी बारीक. आणि बाहेरून आलेली मेलिफेरा, जिच्या पेट्या मधपाळ ट्रकमध्ये भरून सूर्यफूल, मोहरी, लिची अशा पिकांमागे फिरवतात. दुकानातल्या बाटल्यांमध्ये बहुतेक करून मेलिफेराचा मध असतो.

माशीइतकंच महत्त्व फुलाला. जांभळाचा मध गडद, मागून किंचित कडू लागणारा. कारवीचा घट्ट आणि गडद, आणि तो रोज रोज मिळत नाही कारण कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. कारवीची आणखी एक गंमत म्हणजे आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत मधात सुक्रोज (म्हणजे आपली नेहमीची साखर) ५ टक्क्यांपर्यंतच चालतं, पण कारवीच्या मधाला १० टक्क्यांपर्यंत सूट आहे, तो मुळातच तसा असतो म्हणून. सूर्यफुलाचा आणि मोहरीचा मध पटकन साखरतो. लिचीचा फिका आणि सुगंधी. त्यामुळे 'मध' म्हणून एकच गोष्ट समजून सगळ्या पदार्थांत तोच ओतला तर अर्धी मजा जाते. माझ्या मते घरात दोन बाटल्या असाव्यात, एक फिक्या रंगाची (दही, फळं, सरबत यांना) आणि एक गडद (नाचणी, खजूर, भाजलेल्या गोष्टी यांना).

भेसळीबद्दल बोलावंच लागेल. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं १३ ब्रँडचा मध तपासला आणि एनएमआर नावाच्या चाचणीत त्यातले फक्त ३ पास झाले. साखरेचा पाक असा बनवला जातो की साध्या चाचण्यांतून तो सुटतो. मग घरी आपण करतो त्या चाचण्या, पाण्यात थेंब टाकून तळाशी जातो का बघणं, कागदावर ओल पसरते का, काडी पेटते का, 'कुत्रं खरा मध चाटत नाही' वगैरे, यातल्या एकीवरही भरवसा ठेवू नका. घट्ट पाकसुद्धा तळाशीच जातो. आणि मध साखरला म्हणजे त्यात साखर आहे हाही गैरसमज, उलट बहुतेक चांगले मध कधी ना कधी साखरतातच.

त्यापेक्षा विकणाऱ्याला प्रश्न विचारा. कुठल्या महिन्यात काढला, आसपास काय फुललं होतं, माशी कुठली, मध यंत्रातून काढला की पोळं पिळून. खरा मधपाळ या प्रश्नांवर खुलतो, तासभर बोलतो. महाबळेश्वरजवळचं मांघर हे २०२२ मध्ये राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या पुढाकारानं 'मधाचं गाव' झालं, नंतर भुदरगड तालुक्यातलं पाटगावही त्याच वाटेनं गेलं, अशा ठिकाणी गेलात तर पेटी उघडून दाखवतात, फ्रेमवरचा (पेटीतल्या पोळ्याच्या चौकटीवरचा) मध मेणानं बंद झालाय की नाही ते स्वतः बघता येतं. ते मेणाचं झाकण महत्त्वाचं आहे. मधातलं पाणी पुरेसं आटलं की मगच माश्या घरं बंद करतात. न झाकलेला मध काढला तर त्यात पाणी जास्त राहतं आणि बाटलीत तो आंबतो, वर फेस येतो, झाकण उघडताना फुस्स होतं. असा मध फेकायची गरज नसते, भाजलेल्या चिकन-पनीरला शेवटी लावायला वापरून टाका, पण पुढच्या वेळी दुसरीकडून घ्या.

ठेवायचा कसा

काचेची बाटली, घट्ट झाकण, कोरडा चमचा. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो लवकर साखरतो. मध हवेतली ओल ओढून घेतो, म्हणून पावसाळ्यात झाकण उघडं ठेवून कोणी पोहे खात बसलं की त्याला उठवून झाकण लावायला लावा.

साखरलेला मध परत पातळ करायचा तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, हात बुडवता येईल इतपतच गरम, ४० अंशांच्या वर नको, आणि मधूनमधून हलवा. मायक्रोवेव्हमध्ये नको, एका जागी उकळतो आणि दुसरीकडे तसाच राहतो. पण खरं सांगू का, बारीक दाण्याचा साखरलेला मध पोळीला किंवा भाकरीला लावायला पातळ मधापेक्षा कितीतरी बरा, ओघळत नाही, कोपरापर्यंत येत नाही. मुलांच्या डब्याला तोच द्या.

गरम करायचा की नाही

आयुर्वेदात तापवलेला मध वर्ज्य सांगितलाय हे सगळ्यांना माहीत असतं. आजच्या भाषेत बघितलं तर मध तापवला की त्यातली एन्झाईम निकामी होतात, वास उडतो आणि एचएमएफ नावाचा घटक वाढतो, आणि मधाच्या तपासणीत तोच घटक मोजतात, तो जास्त असला की मध फार तापवलाय किंवा जुनाट आहे हे कळतं. मला यातला वासाचा मुद्दा सगळ्यात पटतो. एवढे पैसे देऊन जांभळाचा मध आणायचा आणि उकळत्या चहात टाकून त्याचा नुसता गोडवा उरवायचा, त्यापेक्षा तिथे गूळ टाका. म्हणून माझ्याकडे एकच नियम, गॅस बंद, पातेलं खाली, वाफ बसली, बोट घालता येतंय, मग मध.

तूप आणि मध सम प्रमाणात घेऊ नये हेही आयुर्वेदातलं सांगणं. पाळणं काही कठीण नाही, भाकरीवर तूप जास्त आणि मध कमी किंवा उलट, झालं.

नाचणी

इथूनच सुरुवात करा कारण फायदा सगळ्यात जास्त इथे आहे. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि तिची मातकट चव मुलांना नको असते. दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ अर्धी वाटी थंड पाण्यात नीट कालवा, गुठळी राहू देऊ नका, मग दीड वाटी पाणी उकळत ठेवून त्यात ते ओता आणि सतत हलवत सात-आठ मिनिटं शिजवा, रंग चॉकलेटी होतो आणि चकाकी येते तेव्हा शिजली. चिमूटभर मीठ विसरू नका, मिठाशिवाय मधाची चव उठत नाही. खाली उतरवून कोमट होऊ द्या, वाटीला एक चमचा गडद मध, थोडं दूध, वेलची नको (मधाचा वास दबतो). वरून भाजलेले तीळ किंवा जवसाची पूड.

ताकातली आंबील गोड करायला जाऊ नका, ती तिखट-मिठाचीच छान.

कोशिंबिरीला मध आणि फेसलेली मोहरी

ही माझी सगळ्यात लाडकी गोष्ट, म्हणून जरा सविस्तर. मोहरी फेसायची पद्धत हल्ली घराघरातून जात चाललीय. दोन चमचे मोहरीची डाळ किंवा मोहरी खलात घ्या, मीठ, अर्धा चमचा हळद, आणि थोडं थोडं पाणी घालत खलबत्त्यानंच घोटा, आधी नुसती पूड, मग चिकट, मग एकदम पांढुरका फेस येतो आणि वास नाकात शिरून डोळ्यात पाणी येतं. तो झणका आला की झाली. आता त्यात दोन चमचे लिंबाचा रस आणि दीड चमचा फिका मध घालून परत घोटा. मधामुळे फेस फुटत नाही, एकजीव राहतो, आणि मोहरीचा झणका नाकाऐवजी जिभेवर राहतो. कच्ची पपई, गाजर, बीट, मुळा, कोबी, काकडी, काहीही किसून त्यावर हे घाला. फक्त एक लक्षात ठेवा, मीठ आणि मध दोन्ही भाजीतलं पाणी ओढतात, त्यामुळे कालवून ठेवलीत तर अर्ध्या तासात तळाला पाणी साचतं. ताटं मांडली की मगच कालवा. उरलेलं मोहरीचं वाटण फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतं, सँडविचला लावा, उकडलेल्या बटाट्याला लावा, भाजलेल्या मक्याला लावा.

ज्या घरात सॅलड म्हटलं की नुसते काकडीचे काप कोरडे येतात तिथे हे एकदा करून बघाच.

श्रीखंड, सरबत, लाडू, केक : साखरेच्या जागी मध घालताना

मध साखरेपेक्षा गोड लागतो, शिवाय त्यात पाणी असतं, म्हणून वाटीला वाटी बदलून चालत नाही. साधारण हिशोब असा की एक वाटी साखरेच्या जागी पाऊण वाटी मध, आणि पदार्थातलं दुसरं पातळ (दूध, पाणी) पाव वाटीनं कमी.

श्रीखंडाला अर्धा किलो चक्का असेल तर १०० ते १२० ग्रॅम मध पुरतो, पण चक्का नेहमीपेक्षा जास्त वेळ टांगून अगदी कोरडा करा, नाहीतर मध घातल्यावर सैल पडतं. साखरेच्या श्रीखंडासारखं ते दोन दिवस आधी करून ठेवायचं नाही, त्याच दिवशी खायचं. आंबट चक्का आणि जांभळाचा मध ही जोडी अफाट लागते.

पन्ह्याला कैरी उकडून गर काढून थंड झाल्यावर मध घाला, गुळाइतकं प्रमाण लागत नाही. कोकम सरबतातही चालतो, पण कोकमाचा आंबटपणा इतका असतो की चांगला मध त्यात वाया जातो, तिथे साधा मध किंवा साखरच बरी.

तिळगुळाच्या लाडवात मात्र मधाच्या नादाला लागू नका. गुळाचा पाक कडक गोळीवर येतो आणि गार झाला की कुरकुरीत धरतो. मधातली फ्रुक्टोज हवेतली ओल ओढत राहते, त्यामुळे मधाचे लाडू आज बरे वाटले तरी उद्या चिकट. मधाला मऊ लाडू शोभतात, खजुराचे, नाचणीचे, डिंकाचे.

केकमध्ये मध घातला तर ओव्हनचं तापमान १५ अंशांनी कमी ठेवा कारण मधाचा केक वरून लवकर काळवंडतो, आणि मध आंबट असल्यामुळे एक वाटी मधामागे पाव चमचा खायचा सोडा जास्त घाला. केक ओलसर राहतो, तीन दिवसांनी पण चांगला लागतो. पण वर म्हटलं तसं ज्यांना तापवलेला मध नको त्यांनी केकात गूळ वापरावा, उगाच मन मारून खाऊ नये. हेच तंदुरी किंवा भाजलेल्या चिकन-पनीरचं, मध लावायचाच तर शेवटच्या पाच मिनिटांत ब्रशनं लावा, सुरुवातीपासून मॅरिनेडमध्ये घातला तर आत कच्चं आणि वर कोळसा.

मधातला आवळा

मोरावळ्यात साखरेचा पाक असतो, हा त्याहून सोपा. आवळे वाफवा, पाकळ्या सुट्या होतील इतकेच, फार मऊ नको. बिया काढून पाकळ्या सुती कापडावर पसरून दिवसभर पंख्याखाली किंवा उन्हात वाळवा, वरचं पाणी पूर्ण जायला हवं. बरणीत भरून बुडतील इतका मध ओता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघा, मध पाण्यासारखा पातळ झालेला दिसेल, कारण मधानं आवळ्यातलं पाणी बाहेर ओढलं. इथेच बरेच जण चुकतात, तसंच ठेवतात आणि आठवड्यात ते आंबतं. तो पातळ झालेला मध काढून घ्या (सरबताला वापरा, आवळ्याची चव उतरलेली असते, फार छान लागतो) आणि नवा मध घाला. मग फ्रिजमध्ये ठेवा. रोज एक पाकळी. आल्याचे पातळ काप पण याच पद्धतीनं, खोकल्याच्या दिवसांत घरात असावेतच.

लहान बाळ : इथे अजिबात तडजोड नाही

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. चाटवायचासुद्धा नाही. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्या माणसाच्या पोटात ते काही करत नाहीत पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात, बाळ मलूल पडतं, शी होत नाही, दूध ओढता येत नाही, श्वासापर्यंत गोष्ट जाऊ शकते. मध शुद्ध असला, जंगलातला असला, ओळखीच्या मधपाळाचा असला तरी हे बदलत नाही, आणि घरी तापवून बीजाणू मरत नाहीत. आपल्याकडे जन्मल्यावर सोन्याच्या अंगठीनं मध चाटवायची आणि बाळगुटी मधात उगाळायची पद्धत आहे, आजी-पणजीनं प्रेमानंच केलेली असते. त्यांना दुखवू नका पण ठामपणे सांगा की डॉक्टर नको म्हणालेत. बारशाच्या दिवशी पंचामृताचं बोटसुद्धा बाळाच्या ओठाला नको.

वर्षाच्या पुढच्या मुलांना खोकल्यात रात्री झोपताना चमचाभर मध द्यायला हरकत नाही, आराम पडतो.

डायबेटिस असलेल्यांनी मध साखरच धरावी. जागतिक आरोग्य संघटना मधातल्या साखरेलासुद्धा वरून घातलेल्या साखरेतच मोजते, आणि दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते. ५ टक्के धरले तर दिवसाला साखर-गूळ-मध सगळं मिळून साधारण २५ ग्रॅम. मोठा चमचाभर मध सहज २० ग्रॅम भरतो, बघा म्हणजे कळेल.

पराग

माश्या मागच्या पायांना चिकटवून आणतात त्या रंगीत गोळ्या. पेटीच्या दाराशी जाळी बसवतात, माशी आत शिरताना काही गोळ्या खाली ट्रेमध्ये पडतात, तोच पराग आपल्याला मिळतो. पिवळा, केशरी, राखाडी, जांभळट, फुलागणिक रंग वेगळा. माश्यांच्या पिल्लांचं प्रोटीन यातूनच येतं, त्यामुळे मधपाळानं जाळी कायम लावून ठेवली तर वसाहत उपाशी राहते, विकत घेताना हेही विचारा.

पौष्टिकतेत हा मधापेक्षा खरंच वरचढ. सुकवलेल्या परागात साधारण २० टक्के प्रोटीन असतं (फुलानुसार कमी-जास्त), ब गटातली व्हिटॅमिन असतात. पण इथेही हिशोब करा, एक चहाचा चमचा म्हणजे ५ ग्रॅम, म्हणजे १ ग्रॅम प्रोटीन. मूठभर शेंगदाण्यात ७-८ ग्रॅम असतं. म्हणून पराग शेंगदाण्याच्या जागी नाही, शेंगदाण्याबरोबर.

पहिल्यांदा खाताना दोन-चार दाणेच खा आणि एक दिवस थांबा. घसा खाजला, ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं तर परत हात लावू नका. ज्यांना फुलांच्या परागाची ॲलर्जी आहे, दमा आहे, मधमाशी चावल्यावर फार सूज येते, त्यांनी याच्या वाटेलाच जाऊ नये, आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच. सगळं ठीक असेल तर हळूहळू चमचाभरापर्यंत या.

परागकणाचं कवच फार चिवट असतं, तसाच गिळला तर बरंचसं न पचता बाहेर. म्हणून रात्री दह्यात किंवा मधात भिजत घाला, सकाळपर्यंत विरघळल्यासारखा होतो, किंवा वापरायच्या आधी मिक्सरमध्ये एक फिरका मारून पूड करा. चव हरभऱ्याच्या डाळीच्या कच्च्या पिठासारखी, मागून फुलाचा वास आणि थोडा कडूपणा. शिजवायचा नाही.

आमच्याकडे दह्या-पोह्यावर खातात. पातळ पोहे, गोडसर दही, केळ्याचे काप, चमचाभर मध, वरून परागाची पूड, फोडणी नाही. दुसरं म्हणजे खजुराचे लाडू : दोन वाट्या बिया काढलेला मऊ खजूर, एक वाटी भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट, अर्धी वाटी भाजलेले तीळ, दोन चमचे जवसाची पूड, सगळं मळून गोळा झाला की (गरम असेल तर थांबा) तीन मोठे चमचे परागाची पूड आणि चिमूटभर मीठ. वीसेक लाडू होतात. लाडू डब्यात देणार असाल तर दुसऱ्याच्या मुलांबरोबर वाटून खाऊ नको असं आपल्या मुलाला सांगून ठेवा, कुणाला ॲलर्जी असेल ते आपल्याला माहीत नसतं.

पराग फ्रीझरमध्येच ठेवा. बाहेर ठेवलेला ओल धरतो, बुरशी येते, आणि बुरशीचा वास आला तर पैशाकडे बघू नका, टाकून द्या.

पोळ्यासकट मध

मधानं भरलेला पोळ्याचा तुकडा गरम बाजरीच्या भाकरीवर लोण्याबरोबर ठेवायचा, भाकरीच्या उष्णतेनं मेण मऊ पडतं, घरं दबतात आणि मध भाकरीत उतरतो. चावून मध गिळला आणि मेण थुंकलं तरी चालतं, गिळलं तरी चालतं, मेण पचत नाही, तसंच बाहेर पडतं. पण दोन गोष्टी बघून घ्या. पहिली, तुकडा नव्या पांढऱ्या पोळ्याचा हवा, ज्यात कधी पिल्लं वाढलेली नाहीत, काळपट पोळं खायचं नाही. दुसरी, पेटीत माश्यांना बांधायला सोपं जावं म्हणून मेणपत्रा लावतात, बाजारच्या मेणपत्र्यात कधी पॅराफिन मिसळलेलं असतं, म्हणून खायच्या पोळ्यासाठी माश्यांनी आपलं आपण बांधलेलंच मागा. आणल्यावर डबाबंद करून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मेणकिड्याची अंडी असतील तर मरतात.

आग्याच्या पोळ्याचा मध कोणी पिळून आणून दारावर विकायला आला तर मी घेत नाही. पोळं जाळून, पिल्लांसकट पिळलेलं असतं, मधात सगळं उतरतं, आणि वसाहत संपते. धूर करून फक्त मधाचा भाग कापून घेणारे जाणकार मध गोळा करणारे आहेत, त्यांच्याकडून जरूर घ्या, त्यांना चांगला भावही द्या.

रॉयल जेली आणि प्रोपोलिस

या दोन्ही गोष्टी मी स्वयंपाकघरात आणत नाही. रॉयल जेली म्हणजे कामकरी माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींमधून येणारं पांढरं खाद्य, सगळ्या अळ्यांना पहिले तीन दिवस आणि राणी होणाऱ्या अळीला शेवटपर्यंत. ती गोळा करायची म्हणजे राणीच्या घरातली अळी काढून टाकायची. चव आंबट-तुरट, जिभेला टोचणारी, बाहेर ठेवली की खराब होते, आणि दमा-ॲलर्जी असलेल्यांना तिच्यामुळे गंभीर रिॲक्शन आल्याची उदाहरणं आहेत. तेवढ्या पैशात अंडी, दूध, डाळी किती येतील बघा.

प्रोपोलिस म्हणजे झाडांच्या राळेपासून माश्या करतात तो चिकट तपकिरी लेप, फटी बुजवायला. आपली सातेरी तो जवळजवळ करतच नाही, मेलिफेरा आणि पोया करतात. पाण्यात विरघळत नाही म्हणून तो अल्कोहोलमध्ये उतरवतात. हे खाणं नाहीच, औषधाच्या बाजूची गोष्ट आहे, डॉक्टरांशी बोलून काय ते ठरवा.

मेणाचं कापड

मेण खाण्यात नाही पण खाणं टिकवायला कामाचं. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा स्वच्छ धुतलेला तुकडा घ्या, हातभर चौकोन. बेकिंग पेपरवर पसरा, शुद्ध मेण किसून पातळ भुरभुरवा, वर दुसरा बेकिंग पेपर, आणि मध्यम गरम इस्त्री फिरवा. मेण ६२-६४ अंशांना वितळतं, त्यामुळे लगेच पसरतं. कुठे कोरडं राहिलं तर अजून थोडं भुरभुरवून परत इस्त्री. दोन टोकं धरून हवेत हलवा, मिनिटभरात कडक होतं. कापलेलं लिंबू, अर्धा कांदा, पनीर, ब्रेड, कोथिंबिरीची जुडी यात गुंडाळून ठेवा, हाताच्या उबेनं कापड वळतं तसं राहतं. गरम पोळ्या-भाकऱ्या आणि कच्चं मटण-मासे यात ठेवायचे नाहीत. धुताना थंड पाणी आणि सौम्य साबण, गरम पाणी लागलं की मेण निघून जातं. काही महिन्यांनी कापड ढिलं पडतं, तेव्हा थोडं मेण किसून परत इस्त्री मारा.